कॅमेऱ्याच्या कपाळावरच्या चिठ्ठ्या

कॉपी पकडणाऱ्या मशीनला फसवणारा अख्ख्या कडेगावात मी एकटाच! छाती फुगवून सांगतोय खरा, पण त्या नादात माझंच नाक कसं कापलं गेलं, ते ऐका.

आमची नात नसरीन सांगलीत नोकरीला. घरबसल्या इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवायची, हा तिच्या कंपनीचा धंदा. नजर ठेवणार मशीन. मान वळली, ओठ हलले, की लाल खूण. खुणा फार झाल्या, की माणूस नापास. नसरीनचं म्हणणं, आपल्याकडची साधी माणसं पुटपुटत वाचतात, ती उगाच चोर ठरतात. नापास करण्याआधी कुणीतरी माणसानं बघावं. साहेब ऐकेनात. म्हणून त्यांना दाखवून द्यायला तिनं मला आणि माझ्या बायकोला, जुबेदाला, परीक्षेला बसवलं. बजावलं, "दादा, खरंखुरं बसा. माझं सगळं तुमच्यावर हाय."

आता मी चौथीत तरी कुठं खरंखुरं बसलो होतो? नसरीननं दिलेली सरावाची पानं, उत्तरांसकट, घरातच होती. उत्तरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि लॅपटॉपच्या काठावर, कॅमेऱ्याला अगदी खेटून डकवल्या. कॅमेऱ्याला स्वतःचं कपाळ दिसतंय व्हय? मी आपला समोर बघत, दगडासारखा. परीक्षा संपली आणि चिठ्ठ्या थेट बंबात!

जुबेदा सातवी शिकलेली. तिनं एकेक ओळ पुटपुटत वाचली, आढ्याकडं बघून विचार केला, तीनदा पदर सारखा केला.

निकाल काय लागला असेल? मी धुतल्या तांदळासारखा, आणि जुबेदाला नऊ लाल खुणा!

साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर आले ते लय खुशीत. आमच्याशेजारी बसलेल्या नसरीनला म्हणाले, मशीन बरोबर आहे, आजींनी कॉपी केली, आजोबांनी नाही. तुझा विषय संपला. नसरीनचा चेहरा उतरला. जुबेदाला जन्मात कुणी चोर म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मग मात्र माझ्यानं राहवेना.

"साहेब, कॉपी मी केलीय."

साहेब हसले. "आजोबा, बायकोवरचा आळ स्वतःवर घेताय. असा नवरा हल्ली बघायला मिळत नाही."

जुबेदानं पदरानं डोळे पुसले, मला कोपरानं बाजूला सारलं आणि पडद्यापुढं बसली.

"आवं साहेब, पन्नास वर्सांत ह्या माणसानं माझ्यासाठी कपभर चा केला न्हाई. त्यो माझा आळ घेईल व्हय?"