पडदा बंद, काम चालू

पाणीपुरवठा कार्यालयातला प्रत्येक कागद शुद्धलेखन तपासायला आधी ताईंच्या हाताखालून जायचा, तोही अगदी शब्दशः. ताईंना दिसत नाही. संगणकातला स्क्रीन रीडर त्यांना मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, पण शेजारच्या टेबलावरचे काका दोन दिवसांत कावले. "अहो, हा आतला माणूस श्वास तरी घेतो का?" मग ताईंनी आवाज बंद केला आणि कीबोर्डपुढे ब्रेल डिस्प्ले ठेवला. ओळ आली की पट्टीवर बारीक ठिपके वर येत, बोटं फिरली की वाचून झालं. पडद्याचा उजेड हवाय कुणाला? तोही बंद.

झालं! एवढं निमित्त पुरलं.

पर्यवेक्षकांना सगळे पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. कोण चहाला किती वेळ गेलं, यांना बरोब्बर दिसे. ताईंची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. आता यांच्या अहवालावर एक तर नोकरी कायम, नाही तर घर. घराची ताईंना धडकी भरे. आधीची नऊ वर्षं त्या घरीच होत्या, आणि भावजय तशी चांगली, पण पाहुण्यांना मायेनं सांगायची, "आमच्या वन्सं ना, काही करत नाहीत."

दुर्बीण तीन दिवस मागे येऊन उभी राहिली. काळा पडदा, पट्टीवर फिरणारी बोटं. चौथ्या दिवशी अहवाल लिहून शिरस्त्याप्रमाणे तपासायला पाठवला. ताई काही करत नाहीत म्हटल्यावर तपासणारं दुसरंच कुणी असणार, असं ते खुशाल धरून चालले होते.

ताईंच्या बोटांखाली ठिपके उगवले: 'सदर कर्मचारी संगणक बंद ठेवून दिवसभर हाताचे चाळे करीत बसते. कायम करू नये.'

बोटं तिथंच थिजली. राग असा आला की पट्टी उचलून भिरकावावी! तेवढ्यात मागे ओळखीचा खाकरा.

"काय ताई, आराम चाललाय?"

"वाचतेय, साहेब."

"वाचा, वाचा!" हसत हसत ते निघून गेले.

दोन ओळी पुसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण चुका काढायच्या, मजकुराला हात लावायचा नाही, हे ताईंचं काम. काळजावर दगड ठेवून त्यांनी चौदा चुका सुधारल्या आणि नेहमीसारखं खाली लिहिलं, 'तपासले', पुढे स्वतःचं नाव. अहवाल कार्यालयप्रमुखांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी दोघांना बोलावून तो मोठ्यानं वाचला. खालची ओळही वाचली. दुर्बीण गर्रकन ताईंकडे वळली.

"हे... यांनी तपासलं?"

"सहा महिने तुमचं प्रत्येक पत्र यांनीच तपासलंय," प्रमुख म्हणाले.

ताई कायम झाल्या. तसा आदेश निघाला आणि तपासायला अर्थातच ताईंकडे आला. शेवटी एक अट होती: 'कामाच्या वेळेत पडदा चालू ठेवावा.' ताईंनी त्या ओळीवरून दोनदा बोटं फिरवली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खाली स्वतःचं नाव घालून त्यांनी आदेश पुढे पाठवला.