माजघरातली हंडी

पडदा वर जातो. सत्तावन्न सालची तिन्हीसांज. चिंचवडगावात दोन बिऱ्हाडांचं जुनं घर. माजघराच्या तुळईला दिव्याची दुधी काचेची हंडी टांगलेली, तिच्या पितळी साखळ्या चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या. हंडीखाली सोजराबाई, घरची थोरली सून, विधवा, पदर खोचून उभी. समोर धाकटा दीर सोपानराव, पिंपरीच्या कारखान्यातला फिटर, नाकाच्या शेंड्यावर राग.

घरात वीज घ्यायची ठरली तेव्हापासून दोघांत जुंपली होती. सोपानरावानं दिव्यांना पत्र्याच्या टोप्या आणल्या. बाईनं त्या अंगणात भिरकावल्या. "कोंबड्या झाका त्यांनी!"

मग ती स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात गेली. तिथं मोडलेल्या एका नाटक कंपनीचं सामान मांडलेलं. निळी हंडी तिनं उन्हात धरली नि बाजूला सारली. "ह्या उजेडात जितं माणूस मढं दिसंल." झुंबराला तर हातही लावला नाही. "ह्याची कोळिष्टकं तुझी आई काढंल का रं?"

दुकानदार गुरकावला, "बाई, घ्यायचं नसेल तर वाट सोडा."

तिनं कड उडालेली दुधी हंडी उचलली, टिचकी मारून कानाशी धरली आणि लेकरासारखी छातीशी घेऊन घरी आणली.

सोपान शेंबडा पोर होता तेव्हापासून माजघरातला दिवा तिच्याच हातानं लागायचा. दिवा लागला की सगळ्यांनी हात जोडायचे आणि धाकट्यांनी तिच्या पाया पडायचं. विजेपायी हा मान जाऊ नये, विजेचा दिवाही आपल्याच हंडीत, आपल्याच हातानं लागावा, म्हणून तर हंडीचा हट्ट.

सोपानरावानं हंडी टांगू दिली. तार मात्र आपल्या खोलीत नेली आणि बटण स्वतःच्या उशाशी बसवलं.

"हंडी तुमची वैनी, बटण माझं. घरचा कर्ता आता मी हाय."

"म्हंजे तू म्हणशील तवा मला उजेड?"

"न्हाईतर बसा अंधारात. सवय हाय तुमाला."

विजेचा पहिला दिवा लागताना बघायला आळी दारात गोळा झाली होती. सोपानरावानं आत जाऊन बटण दाबलं आणि मिशीला पीळ देत बाहेर आला. हंडीतून सायीसारखा उजेड माजघरभर पसरला होता. तो पाहताच त्याचे हात आपोआप जुळले, कंबर वाकली आणि जन्माच्या सवयीनं कपाळ थेट वहिनीच्या पायांवर टेकलं.

दारात कुणीतरी फिसकन हसलं. सोपानरावाचे कान लालबुंद झाले. पण आशीर्वादाआधी उठायचं कसं?

सोजराबाईनं हात उचललाच नाही.

"ऱ्हा तसाच," ती म्हणाली. "बटण माझ्या दाराशी आणतो म्हण, मंग आशीर्वाद देते."