रविवारी न केलेली तार

सोमवारी घरी आलं ते असं : रॉकेलची बाटली तीन आणे, मीठ एक आणा, हळद दोन आणे, आणि टपालाने मुंबईचं शनिवारचं वर्तमानपत्र, दोन आणे. मैत्रिणींनो, गोष्ट त्या शेवटच्या दोन आण्यांची आहे...

इथल्या साखर कारखान्याचे थोडे शेअर माझ्या नावावर आहेत, हे तुम्हाला ठाऊकच. लेकीच्या, रूथच्या, ट्रेनिंग कॉलेजची फी मात्र मी पोस्टातून काढून घरात वेगळी ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळी धाकटे दीर आले. शांतवनभावजी त्याच कारखान्यात फिटर आहेत. पाय धुण्याआधीच म्हणाले, "वहिनी, नवं यंत्र आलंय. लई मोठं हाय. स्टेशनावरून आणताना दोन बैलगाड्यांचे आख मोडले. आता दुप्पट ऊस गाळणार बघा."

माझं चित्त भाकरीवरून उडालं. इथे आज कळलं, म्हणजे मुंबईला अजून पत्ता नाही... भाव चढायच्या आत रूथच्या पैशांचे शेअर घेतले, तर फीबरोबर वसतिगृहाचाही खर्च निघेल. मुंबईत राहणाऱ्या माझ्या भावाला एक तार करायची, बाजार उघडताच तो घेईल, एवढंच.

पण तारऑफिस तोवर बंद झालेलं, आणि दुसरा दिवस रविवार. प्रभूच्या दिवशी मी सुईसुद्धा विकत घेत नाही.

देवळात बसले खरी, पण उपदेशातलं एक वाक्य आठवत नाही. लोक गीत गात होते आणि मी मनात बेरजा करत होते. सारखं वाटे, या घटकेला दुसरं कोणीतरी तार करतंय...

घरी आल्यावर हे म्हणाले, "एवढा जीव खालीवर होतोय तर जा की तारऑफिसात. वाट पाळकसाहेबांच्या दारावरूनच आहे."

गेले नाही. त्यात भक्ती किती आणि लाज किती, देव जाणे.

सोमवारी तारेचे पैसे पदराला बांधून निघाले, तर दारातच पोस्टमन. वर्तमानपत्रातलं शेअरच्या भावांचं पान उभ्या उभ्या उघडलं. आमचा शेअर बुधवारपासूनच चढत होता, शुक्रवारी तर कधी नव्हे इतका वर... भावजींनी शनिवारी आणलेली बातमी त्या भावात आधीच जमा झालेली.

"असं कसं झालं?" मी यांना विचारलं.

हे पोटभर हसले. "अगं, यंत्र विलायतेचं. आगबोटीतून उतरलं कुठे? मुंबईला. आपल्या स्टेशनावर ते सगळ्यांत शेवटी आलं."

दुपारी कारखान्याच्या बैलगाडीने परत निघताना भावजी म्हणाले, "वहिनी, आणखी एक बातमी हाय." मी त्यांच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हटलं, "गाडी चुकेल."

रविवार पाळून माझं काही गेलं नाही, म्हणून देवाचे आभार मानले. पण मन स्वस्थ नाही. मला कळतं ते बाजारभावाला आधीच कळत असेल, तर ते पान मी वाचते कशाला? आणि तरी वाचतेच... ती आणखी एक बातमी काय असेल, हेही डोक्यातून जात नाही.

विमल, तू पुण्यात आहेस, रूथच्या कॉलेजच्या गावी. रूथची फी आत्ताच भरून घेतात का, ते उलट टपाली कळव. पैसे घरात आहेत तोवर माझी नजर त्या पानावरून हटायची नाही.