आबारावचा मांडव काही उतरंना

निजामाच्या राज्यात जालन्याला वीज आल्ती ती जिनिंगच्या पायी. माणसांसाठी कोण वीज आणतंय? आधी कापसाला दिली, अन् उरलीसुरली बाजारातल्या शेठलोकांना. मी, कडूबा, तिथल्या वीजघरात वायरमन होतो. खांबावर चढून तार ओढायची अन् खाली उतरून लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम.

त्या नोकरीत मला एकच माणूस पुरून उरला. आबाराव. बापजाद्यांची मेंढरं विकून कुंडलिका नदीच्या काठाला मोसंबीची बाग लावून बसलेला. बागेत एक खोपटं, वर पत्रा, चारी बाजूंनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड. जिनिंगची तार बराबर त्या पत्र्यावरून गेल्ती. तो तिच्याकडं असा बघायचा, जशी काही ती त्याच्याच घरातून चोरून नेली.

बाग राखायची तर बागेतच राहावं लागतं. पण त्याची बायको आसराबाई राहीना. एकदा दिवस मावळल्यावर काडीपेटी शोधायला तिनं चुलीमागं हात घातला अन् विंचवानं डंख मारला. बाई रात्रभर कण्हत होती, अन् हा "उतरलं का, उतरलं का" करत तिच्याभोवती फिरत होता. उजाडल्यावर तिनं गाठोडं बांधलं. "इजेचा दिवा लावसाल तवा येईन. तवर तुमी अन् तुमच्या मोसंब्या," म्हणाली, अन् आष्टीला भावाकडं निघून गेली.

पोरबाळ न्हवतं. आबाराव एकटा पडला. स्वयंपाक असा करायचा की कुत्रं वास घेऊन माघारी फिरायचं. बायकोला आणायला गेला की ती दारात यायची, तांब्याभर पाणी द्यायची, विचारायची, "दिवा आला का?" न्हाई म्हटलं की आत.

मंग तो वीजघरात आला. आमचा साहेब हैद्राबादचा. भला माणूस, पण कायद्याचा पक्का.

"घर है?"

"खोपटं हाय, साहेब."

"उसमें औरत रहती है?"

"दिवा लागला की राह्यल."

"नहीं. जहाँ घर बसा है, वहीं कायम का तार मिलेगा."

म्हंजे बाई आल्याशिवाय दिवा न्हाई, अन् दिव्याशिवाय बाई न्हाई. आबाराव माझ्याकडं रागानं बघायला लागला. कायदा काय मी केल्ता? मी चिडून म्हटलं, "माझ्याकडं काय बघतो? लग्न असतं तर मांडवापुरती तार दिली असती."

बोललो अन् आपल्या गळ्यात धोंडा बांधून घेतला.

दिवाळी झाली अन् आबाराव परत हजर. लेकीचं लग्न आहे म्हणाला. साहेबानं मांडव उभा राह्यल तवर तार द्यायला सांगितलं. मी तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून बागेत गेलो तर मांडव उसाचा, अन् नवरी घासलेटच्या डब्यात उभी. तुळस. ज्यांना लेक न्हाई ते आमच्यात तुळशीचं लग्न लावून कन्यादान करतात, त्यात खोटं काही न्हाई. पण साहेबापुढं ह्या गड्यानं तुळशीचं नावसुद्धा घेतलं न्हवतं.

कन्यादान जोडप्यानं करायचं असतं, म्हणून आसराबाईला यावंच लागलं. आली, बल्ब बघितला, खोपट्याचा कोपरान् कोपरा तपासला अन् पदर खोचून कामाला लागली. अंतरपाट सरला तेव्हा बाई खरोखर रडली. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तार काढायला गेलो तर आबाराव आडवा उभा.

"हात लावू नको. देवक बसलंय."

देवक म्हंजे लग्नघरात नवरा-बायकोनं पदराला गाठ मारून बसवलेली कुळाची खूण. ते उठवल्याशिवाय मांडव उतरवत न्हाईत. पण ते माणसांच्या लग्नात.

"तुळशीच्या लग्नाला देवक कोण बसवतं रे?"

"लेक माझी, देवक माझं. तुझं काय गेलं?" तो म्हणाला. देवकापुढं अखंड दिवा लागतो, तर ह्यानं तिथं बल्ब टांगलेला. त्याला कुंकू लावलेलं, अन् तो भर उन्हात जळून राह्यला. "काढ तार. इझव बसल्या देवकापुढचा दिवा. तुलाबी लेकी हायत."

मला लेकी होत्या, अन् थोरली लग्नाला आल्ती. आलो तसा माघारी गेलो.

साहेब मधूनमधून विचारायचा, "कडूबा, वो शादी खतम हुई?"

"न्हाई साहेब, चालू हाय."

"कैसी शादी है ये?"

"मोठी हाय, साहेब."

संक्रांत गेली. मांडवाचा ऊस वाळला, पाला शेळ्यांनी खाल्ला, नुसती लाकडं राह्यली. आसराबाईला नवऱ्याचा कावा कधीच कळला होता. "येड्यावानी करून राह्यलेत," असं मला गुळाचा चहा देताना म्हणायची. पण देवक बसलेलं असताना शीव ओलांडायची न्हाई, असा त्यांच्या कुळाचा नेम. अन् खरं सांगायचं तर दिव्याखाली भाकरी थापताना तिचं तोंडही काही वाईट दिसत न्हवतं. आबारावच्या अंगावर मांस चढलं.

मंग आष्टीहून सांगावा आला. तिच्या भाचीचं लग्न. आसराबाई म्हणाली, आता देवक उठवा. देवक उठलं की मांडव गेला, मांडव गेला की तार गेली, अन् तार गेली की ही परत येणार कशाला? आबाराव दिवसभर बांधावर बसून राह्यला. मला त्याची कीव आली. मी म्हटलं, "नको उठवू. तार मी काढत न्हाई, साहेबाला सांगतो काहीतरी."

"तिची भाची हाय, कडूबा," तो म्हणाला. "माझा दिवा जाईल म्हनून बाईला कोंडून ठिवू का?"

दोघांनी देवक उठवलं. मी तार काढली, बल्ब पिशवीत घातला. त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली. आसराबाई गाठोडं घेऊन टेशनाकडं निघाली. घरातून निघताना बाईमाणूस "येते" म्हणतं. ही तसं म्हणाली न्हाई.

लग्नाची तिथ उलटून गेली तरी बाईचा पत्ता न्हाई. आबाराव साहेबापुढं जाऊन बसायला लागला. बायको हाय, घर हाय, येऊन बघा म्हणायचा. शेवटी साहेब वैतागून संध्याकाळचा सायकलवर निघाला, मी मागं पळत. खोपट्यात चूल थंडगार. तुळशीला तेवढं पाणी घातलेलं.

"कहाँ है औरत?"

मीच म्हटलं, "लग्नाला गेली, साहेब."

"फिर शादी?" साहेबानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात बांधावर काठी आपटल्याचा आवाज आला. अंधार पडून राह्यला होता. डोक्यावर गाठोडं, हातात काठी, दर पावलाला जमीन ठोकत आसराबाई आली. साहेबाला तिनं बघितलंच न्हाई. "चूलबी पेटवता आली न्हाई का? बुंदी आनलीय, तिच्यासंगं काय माती खाता?" असं म्हणत आत शिरली, चुलीमागं आधी काठी फिरवली, मंग काडीपेटी घेऊन चिमणी लावली. उजेडात साहेब दिसला तशी तिनं पदर ओढून घेतला.

साहेबानं विचारलं, "बाई, इस अंधेरे में डर नहीं लगता?"

"लागतंय की. काळीज मुठीत धरून आले बांधावरनं," ती म्हणाली. "पन भ्या वाटतं म्हनून कोनी आपलं घर सोडतं का?"

आबाराव होता तिथंच खाली बसला. त्या खोपट्याला ती घर म्हणालेली त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. तो हसत होता का रडत होता, ते चिमणीच्या उजेडात मला नीट दिसलं न्हाई.

साहेबाला मराठी अर्धीच कळायची. त्यानं सायकल वळवली अन् म्हणाला, "कडूबा, कल यहाँ कायम का तार डालो."