रिकामा फ्लॅश

छत्तीसच्या रोलमध्ये मी अडतीस फोटो बसवायचो. तुळजापुरात तेव्हा हे जमणारे फार नव्हते, आणि जमणाऱ्यांत मी पहिला होतो. गोधडीत हात घालून अंधारातच रोल भरला की सुरुवातीच्या दोन फ्रेम वाचतात. लग्नाला चार रोल न्यायचे आणि साडेतीनांत आटपायचं, ही माझी शान होती.

अडचण एकच, पाव्हणे. प्रत्येकाला फोटो हवा, आणि नाही म्हणावं तर यजमान रुसणार. त्यावर आमच्या धंद्यात रिकाम्या फ्लॅशचा उपाय होता. माणसाला नीट उभं करायचं, हनुवटी वर घ्यायला लावायची आणि कॅमेऱ्याचा खटका न दाबता नुसतं फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, पाव्हणा खूश, रोल शाबूत. मला यात कधी काही गैर वाटलं नाही. उलट हसू यायचं.

डिजिटल आला तेव्हा माझ्या बरोबरीच्या तिघांनी दुकानं बंद केली. मी आठ दिवसांत कॅमेरा शिकलो, महिन्याभरात कॉम्प्युटर. आता एका लग्नात दोन हजार फोटो काढतो, मांडवात शिरलेल्या कुत्र्यालासुद्धा नाही म्हणत नाही. नजर मात्र तीच आहे, हे छातीठोकपणे सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात तामलवाडीची एक बाई म्हाताऱ्या वडलांना घेऊन दुकानात आली. नवं घर बांधलं होतं आणि भिंतीवर आईचा फोटो लावायचा होता. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मागं राहिला होता तो फक्त मतदान कार्डावरचा चेहरा, आणि तो कुणाचाही म्हणून खपला असता.

"मामाच्या पोरीच्या लग्नात तुम्ही आई-दादांचा जोडीनं फोटो काढला व्हता," ती म्हणाली. "अल्बमात न्हाय दिसला. निगेटिव्ह असंल की तुमच्याकडं?"

माझ्याकडं जुन्या निगेटिव्ह गाववार डब्यांत लावलेल्या आहेत. पंधरा मिनिटांत त्या लग्नाच्या पट्ट्या काढून कॉम्प्युटरवर घेतल्या. नवरा, नवरी, करवल्या, पंगत. ती दोघं कुठंच नव्हती. काय झालं असेल ते मला लगेच कळलं.

"रोलला उजेड लागला असंल," मी म्हणालो. हे वाक्य तोंडपाठ होतं.

"उजेड न्हाय लागला," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुमचं बोट खटक्यावर नव्हतंच. म्या तवाच बघितलं."

लेक त्यांच्याकडं बघतच राहिली. मला लाज वाटली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"ती लई खूश व्हती. घरी पोचेपर्यंत तेच बोलत व्हती. म्हणली, आता मी मेले तरी लेकराला दिसंन."