रिकाम्या जोत्यापाशी

कुडपणच्या धोंडूबाबांना मी एसटीच्या थांब्यावर चारचौघांत चोर म्हणालो. या प्रवासाची सुरुवात तिथूनच सांगायला हवी.

त्यांच्याकडून घेतलेली चंद्री म्हैस मी ताडपत्री बांधलेल्या टेम्पोतून बिरवाडीला माझ्या गोठ्यात आणली होती. बाराव्या दिवशी ती दावं तोडून नाहीशी झाली. येतानाची वाट तिनं पाहिलीच नव्हती, मग एकटी परत जाईल कशी? म्हाताऱ्यानंच माणूस पाठवून नेली असणार, असं धरून मी पोलादपूरहून पहिली एसटी पकडली आणि बाबा दिसताच बोलून बसलो.

"माझा गोठा बघ, शेट," एवढंच ते म्हणाले. गोठा रिकामा होता.

थांब्यावर बसलेला एकजण म्हणाला, "म्हशीचं तिकीट कुनी काढलं, ते कंडक्टरला इचारा." सगळे हसले. बाबा मात्र डोंगराकडं बघत होते. ते चढू लागले. मीही मागं निघालो.

धुक्यात पुढं त्यांचं घोंगडं तेवढं दिसत होतं. तासाभरानं जुनी वाडी आली. दरडीच्या भीतीनं दोन वर्षांपूर्वी सगळी घरं खाली रस्त्यालगत आली होती. वर उरली होती नुसती जोती (घरांचे दगडी चौथरे) आणि कमरेएवढं गवत. एक पाखरू बोलत नव्हतं.

एका जोत्याच्या कडेला चंद्री उभी होती. कानांपर्यंत नदीचा चिखल वाळलेला. सावित्री ती पोहून आली होती. चरत नव्हती. भिंत नव्हती, खुंटा नव्हता, तरी बांधल्यासारखी स्थिर. भोवती गवत तुडवलेलं, पण उजवीकडं एका म्हशीपुरतं तसंच उभं.

"हितंच जन्मली," बाबा हळूच म्हणाले. "त्या बाजूला तिची आय बांधायचो. मेली ती, चार वर्सं झाली."

त्या उभ्या गवताकडं मला बघवेना.

"बाबा, चुकलं माझं."

"हितं कोन हाय ऐकायला? बोललास थितं बोल."

बाबांनी हाक मारली, तेव्हा ती हलली. उतरताना दोनदा थांबून तिनं मागं पाहिलं.

परतीच्या गाडीसाठी बाबांसोबत थांब्यावर आलो, तेव्हा तिथं तीच माणसं बसली होती. मी पायांतल्या चपला काढल्या.

"सकाळी मी यांना चोर म्हणालो. ते खोटं होतं. म्हैस आपल्या पायांनी आली, तीही यांच्या दारी नाही. बाबा, मला माफ करा."