डाव्या बाजूची जागा

शिरूरमध्ये मी पियानो शिकवते असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, परीक्षा असते का, सर्टिफिकेट मिळतं का. रांजणगावच्या कंपन्यांमुळे इथं कुठकुठली कुटुंबं राहायला आली, तेव्हापासून माझा क्लास बरा चालतो. पोरांना दोन्ही हातांनी काहीतरी धडाधडा वाजवून पाहुण्यांना दाखवायचं असतं. मी त्यांना कितीतरी दिवस एकच हात वाजवू देते. दुसऱ्या हाताचं मी वाजवते, त्यांच्या डाव्या बाजूला बसून. आया कुरकुरतात, मॅडम, अजून एकाच हाताचं चाललंय का म्हणून. मी म्हणते, हो, अजून. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि त्याला कारण माझाच बाप.

आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं, चहूबाजूंनी ऊस. आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतीवर स्थिरावले आणि एका बुवांच्या मागं लागून पेटी शिकले. मारुतीच्या देवळातलं भजन त्यांच्या पेटीशिवाय सुरूच व्हायचं नाही. मी शाळेत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र गेला. आता पेटी म्हणजे उजव्या हातानं सूर आणि डाव्या हातानं भाता. भात्यानं हवा भरली नाही तर पट्ट्या नुसत्या लाकडाच्या. भजनी मंडळातल्या पोरांनी भाता मारून बघितला, पण आप्पा सगळ्यांवर वैतागले. एक म्हणे हिसके देतो, दुसरा मध्येच झोपतो. शेवटी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि जमलं. आप्पा कुठं आवाज चढवणार, कुठं दम घेणार, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. भजनाला सगळे बाप्ये, बायका बाहेर ओट्यावर, आणि आई तर तेवढीसुद्धा यायची नाही, तिचा स्वयंपाक असायचा. मी लहान म्हणून चालून गेलं. आप्पा सगळ्यांना सांगायचे, हा माझा डावा हात. मला त्याचा केवढा तोरा होता.

दहावी झाल्यावर आप्पांनीच मला कॉलेजसाठी दौंडला मावशीकडे धाडलं. निघाले त्या सकाळी त्यांनी पेटी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायला लावली. तू आलीस की काढू, एवढंच म्हणाले.

मावशीचे यजमान रेल्वेत होते, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. पलीकडच्या लहानशा बंगलीत एक वयस्कर ख्रिश्चन बाई एकट्या राहायच्या. रविवारी चर्चमध्ये वाजवायच्या आणि एरवी घरी चार पोरं जमवून पियानो शिकवायच्या. अख्खी कॉलनी त्यांना टीचर म्हणायची. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर. टीचरांच्या लहानपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, नाच व्हायचे, त्यांची आई तिथं पियानो वाजवायची आणि पोरीला सांभाळायला कुणी नाही म्हणून तिला पियानोखाली बसवून ठेवायची. तिथं बसलं की खालचे जाड सूर पाठीला लागतात, टीचर सांगायच्या. डाव्या हाताचं संगीत त्या असं पाठीनं शिकल्या. पुढं नाच थांबले, त्यांच्या अँग्लो-इंडियन समाजातली बरीचशी माणसं परदेशी गेली, टीचर राहिल्या आणि तो पियानो त्यांच्या घरी आला. मागून मालगाडी गेली की त्याच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. तेवढा वेळ टीचर शिकवणं थांबवायच्या. त्यालाही बोलू दे, म्हणायच्या.

मी आधी खिडकीशी उभी राहून ऐकायची, मग दारात, मग एक दिवस स्टुलावर. घरी मीही अधूनमधून पेटी वाजवायची, त्यामुळे माझा उजवा हात तयार होता, भराभर धावायचा. डाव्याची मात्र पंचाईत. तो पियानोवर यायलाच तयार नाही. मांडीशेजारी हवेत त्याची उघडमीट चालायची. मी भाता मारत होते! मला पत्ताही नसायचा. मावशीची पोरं हसून लोळायची.

टीचर हसल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्या डाव्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, इकडचं मी सांभाळते, तू तुझं वाजव. त्यांची हीच पद्धत होती. कुणाची बोटं धरून पट्टीवर ठेवायची नाहीत, ओरडायचं नाही, शेजारी बसून वाजवत राहायचं. खूप दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, हवा कुणाला देतेस ग?

मग मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की मी कॉलेज सोडून घरी जाणार आहे. सुट्टीत गेले की आप्पा मला पेटी फळीवरून काढायला लावत, माझ्या परतीच्या दिवशी ती पुन्हा फळीवर. मधल्या काळात ते देवळाकडे फिरकतही नव्हते. बोलणं कमी झालं होतं, जेवणही. मी इथं परक्या वाद्यावर बोटं चालवायची आणि तिकडं त्यांनी भिंतीकडे बघत बसायचं, हे मला सोसत नव्हतं. जायचं तर जा, टीचर म्हणाल्या, पण आधी त्यांना एकदा इथं आण.

दौंडच्या डॉक्टरला दाखवायचं निमित्त मिळालं. न्हावऱ्यावरून एसटीनं आई-आप्पा आले. संध्याकाळी मी दोघांना टीचरांकडे नेलं. आई दाराशी खाली बसली. आप्पांनी पियानो पायापासून डोक्यापर्यंत निरखला आणि भाता कुठं हाय विचारलं. टीचर म्हणाल्या, भाता नाही, एका हातावर चालतो. आप्पा बसले. काळी एकची पट्टी शोधली आणि त्यांचा नेहमीचा अभंग धरला. दोन ओळी झाल्या अन् थांबले.

"सूर लगीच विझतोय," म्हणाले. "पेटी दम धरती. ह्याला कुनी दम द्यायला न्हाई."

मी पुढं सरसावले, तर टीचरांनी मला हातानं अडवलं. त्या आईकडे गेल्या, तिला उठवून आप्पांच्या डाव्या बाजूला बसवलं आणि खालची एक काळी पट्टी दाखवली. वाटेल तेव्हा ही दाब, म्हणाल्या. आई लाजून अर्धी झाली. तिनं आयुष्यात कुठल्या वाद्याला बोट लावलं नव्हतं. आप्पांनी पुन्हा सुरुवात केली, आणि जिथं त्यांचा सूर विझायला आला तिथं बरोबर आईचा षड्ज खालून आला. पुन्हा आला. आप्पा एका जागी नेहमी रेंगाळतात. मंडळातल्या जुन्या टाळकऱ्यांनाही ती जागा सापडत नाही. आई तिथं त्यांच्यासाठी थांबली आणि त्यांच्याबरोबर निघाली. ते मलासुद्धा इतकं अचूक कधी जमलं नव्हतं.

आप्पा वाजवायचे थांबले.

"तुला हे कवा आलं?"

"घरात वाजवत व्हता की तुमी," आई म्हणाली. "चुलीपाशी ऐकू येतं सगळं."

आप्पांनी हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवला. मग आप्पा म्हणाले, पुन्हा धर.

मी कॉलेज सोडलं नाही. गावी पेटी फळीवरून उतरली, भात्याला आई बसली. पुरुषांच्या भजनात बायको कशी बसवायची यावरून थोडी कुजबुज झाली म्हणे. आप्पांनी सांगून टाकलं की पेटी पायजे असंल तर आमी दोघं येऊ. पेटी सगळ्यांनाच हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा देवळात टाळ वाजायला लागले होते. मी धावत जाऊन आप्पांच्या डाव्या बाजूला बसले, सवयीनं हात भात्याला लावला. तेवढ्यात मागून आई आली, भाकरीचं पीठ अजून मनगटाला होतं.

"सरक की जरा," ती म्हणाली.

मी सरकले. इतक्या मायेनं मला कुणी जागेवरून उठवलेलं आठवत नाही. खूप रडू आलं, पण टाळांच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. माझा डावा हात मांडीवर स्वस्थ पडून होता.